तळवे दाखवा

दस्तगीर सर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायांकडे. निलंग्याच्या आमच्या शाळेत ते खेळ शिकवायचे. सकाळची प्रार्थना संपली की ते रांगांमधून फिरत. दुसऱ्या शाळांतले सर हाताची नखं बघतात, आमचे सर पाय बघत. "चपला काढा. तळवे दाखवा," असं त्यांनी म्हटलं की आम्ही शेजारणीच्या खांद्याला धरून एका पायावर उभ्या राहायचो आणि दुसरा तळवा मागे वर करायचो, घोड्याला नाल ठोकताना करतात तसा. कुणाच्या टाचेत काटा मोडलेला असे, कुणाला चिखल्या झालेल्या, कुणाच्या अंगठ्याला ठेच. सरांचे वडील शिलाईकाम करत. त्यांच्या डबीतली एक बारीक सुई सरांच्या खिशात शिट्टीच्या सोबतीला कायम असायची. मोडलेला काटा ते बोलता बोलता काढत. काढून झाल्यावर तो बोटाच्या टोकावर ठेवून आम्हाला दाखवत. "ह्याच्यामुळं तुला भूगोल येत नव्हता," म्हणत.

पायात काटा असेल तर डोकं भूगोलात लागत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. मी खेड्यातून एसटीने यायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावी ओलांडलेली नव्हती. माझ्या पायांकडे कुणी इतकं निरखून बघेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

सरांची मराठी आमच्यासारखीच होती. फक्त फार राग आला किंवा फार माया आली की ते दखनीवर जात. त्यामुळे 'नक्को' ऐकू आलं की आज शिक्षा आहे की शेंगदाण्याची चिक्की, हे चेहरा बघूनच ठरवावं लागे.

मी पळण्यात अगदी कच्ची. आठवीत असताना ग्राउंडला चार फेऱ्या मारायच्या होत्या. तिसऱ्या फेरीतच माझा श्वास संपला. बाकीच्या पोरी पोचून पाणी पिऊन बसल्या होत्या आणि मी अजून अर्ध्यात होते. मला वाटलं, आता सर शिट्टी वाजवतील आणि मला बाहेर काढतील. सर माझ्या बाजूने चालू लागले.

"पळू नको. चाल. पण थांबू नको."

"सर, शर्यत तर संपली."

"कुणी सांगितलं? शेवटचा येईस्तोवर शर्यत संपत न्हाई."

मी पोचेपर्यंत त्यांनी कुणालाच उठू दिलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याही मनापासून, कारण त्यांना डब्याची सुट्टी हवी होती.

माझं शिक्षण पुढे चाललं ते सरांमुळे. ते कसं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, निलंगा डेपोत ड्रायव्हर होते. दहावीनंतर मला घरी ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं. लातूरला मुलगी एकटी कशी राहील, हा त्यांचा प्रश्न. सर आमच्या घरी आले नाहीत. ते स्टँडवर गेले, तिकीट काढलं आणि अण्णांच्या गाडीत ड्रायव्हरच्या अगदी मागच्या सीटवर बसले. लातूर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. लातूरला उतरले, परतीचं तिकीट काढलं आणि पुन्हा तिथेच येऊन बसले. निलंगा येईपर्यंत पुन्हा गप्प.

अण्णा ही गोष्ट अजून सांगतात. "आरशात बघावं तवा हा माणूस माझ्याकडंच बघून राहिलेला. मला वाटलं, माझ्या हातून ह्याच्या घरचं कुणी गाडीखाली आलं का काय!"

डेपोत गाडी लावल्यावर अण्णांनीच विचारलं, "सर, काय काम होतं?"

सरांनी काचेवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. "आता गाडी थांबली, म्हणून बोलतो," सर म्हणाले. "दोन खेपा तुमचं चालवणं बघितलं. समोर शेळी आली तरी तुम्ही माणसांना धक्का लागू देत न्हाई. इतक्या लोकांची लेकरं तुम्ही रोज लातूरला सुखरूप पोचवता. तुमचीच कामून न्हाई?"

मी लातूरला शिकले. आज नांदेडच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आणि त्या दिवसापासून दस्तगीर सर अण्णांसाठी माणूस राहिले नाहीत, देव झाले. ही देव करण्याची आमच्याकडची रीत चांगलीच आहे, पण ती एकदा आम्हाला फार महागात पडणार होती.

अण्णा निवृत्त झाले तोवर आमचं घर खेड्यातून निलंग्यात, शाळेच्या ग्राउंडजवळ आलं होतं आणि त्यांना साखरेचा त्रास होऊन दहा वर्षं झाली होती. आयुष्यभर पहाटे चारला उठायची सवय. निवृत्तीनंतरही चारला जाग यायची, पण जायला कुठे नव्हतं. मग ते अंधारात खुर्चीवर बसून राहायचे. उजाडलं की टीव्हीसमोर, दुपारी टीव्हीसमोर. बोलणं कमी झालं. झोप उडाली. तळपायांना मुंग्या यायच्या आणि पुढेपुढे त्याही येईनाशा झाल्या. अण्णांना ते सुधारणेचं लक्षण वाटलं. आई फोनवर मला म्हणायची, "तुझ्या अण्णांनी घराचाच डेपो केलाय. गाडी कायमची उभी."

सरही तोवर कधीच निवृत्त झाले होते. वय सत्तरीजवळ, गुडघे कुरकुरणारे, डॉक्टरांनी पळायला बंदी केलेली. ज्या माणसाने तीस वर्षं 'पळा' म्हणून शिट्टी वाजवली, त्याला ही बंदी कशी सोसली असेल? पण हैदराबादला असलेल्या नातीने त्यांना मोबाइलवर एक खेळ दाखवला. परदेशातली म्हातारी माणसं फुटबॉल खेळतात, पण चालत. पळायचंच नाही. सरांनी तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल, देव जाणे. पुढच्या आठवड्यात ते चेंडू घेऊन गावात माणसं गोळा करत होते.

आमच्या घरी ते सकाळी आले. अण्णा खुर्चीत. आरोग्यावर ते काही बोलले नाहीत. दारातूनच त्यांनी चेंडू अण्णांच्या दिशेने हळूच सोडला. चेंडू घरंगळत खुर्चीपाशी आला आणि अण्णांनी नकळत पाय पुढे करून तो अडवला.

"बघा," सर म्हणाले, "ब्रेक शाबूत हाय. आता क्लच बघू."

अण्णा कितीतरी दिवसांनी हसले. आईने ते स्वयंपाकघरातून ऐकलं आणि चहात साखर घालायची विसरली. तो बिनसाखरेचा चहा अण्णांनी मुकाट्याने प्यायला, असं तिने मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

सरांची अट एकच होती. "आधी डॉक्टरला विचारून या, मग मला विचारा." नियम मात्र पुष्कळ होते. एक पाय कायम जमिनीवर हवा. जो पळेल त्याचा फाऊल, चेंडू समोरच्यांना. चेंडू गुडघ्याच्या वर उडवायचा नाही. ढकलाढकली नाही. गोल म्हणजे दोन विटा. आणि सगळ्यांनी पांढरे कॅनव्हासचे बूट घालायचे, आम्ही शाळेत घालायचो तसे. यावर आडत दुकानवाले बसवंतअप्पा बरेच दिवस कुरकुरले. "सर, ह्या वयात आमचा युनिफॉर्म कामून?" सर फक्त "असू द्या" म्हणायचे.

पहिल्या दिवशी ग्राउंडच्या कडेच्या हॉटेलातले लोक चहाचे कप घेऊनच बाहेर आले. दहा-बारा म्हातारे पायजम्यात, धोतरात, एक जण ट्रॅकसूटमध्ये, आणि चेंडू आपला निवांत चाललेला.

"सर, स्लो मोशनमधी लावलंय का?" कुणीतरी ओरडलं.

"हौ," सर म्हणाले, "तुम्ही फास्ट फॉरवर्डमधी दवाखान्यात जावा. आम्ही सावकाश येतो."

हसणाऱ्यांपैकी दोघे महिन्याभरात खेळायला आले.

चालायचं म्हणजे सोपं, असं बघणाऱ्याला वाटतं. पण चेंडू समोरून चाललेला असताना पाय आवरणं भलतंच अवघड. बसवंतअप्पा तर सुरुवातीला मिनिटाला एक फाऊल करत. "अय्यो, मी कुठं पळालो? पायच पळाले!" सीमेजवळच्या गावचे असल्याने ते चिडले की कानडीत ओरडत, चेंडू मागतानाही "बर्री, बर्री" करत. त्यामुळे अख्ख्या ग्राउंडला 'या, इकडे या' अशा अर्थाचा तेवढा एक कानडी शब्द पाठ झाला. हेच बसवंतअप्पा पूर्वी दिवसभर गादीवर बसून असायचे, आणि दुकानाचा माळा चढताना मध्ये दोनदा थांबायचे. चार महिन्यांनी ते माळ्यावरून नोकराला हाका मारू लागले. अण्णांची साखर खाली आली. गोळ्या चालूच होत्या, पण डॉक्टरांनी त्यांतली एक कमी केली. झोप लागू लागली. पहाटे चारला जाग आली तर आता जायला जागा होती. सहाला खेळ सुरू व्हायचा आणि अण्णा साडेपाचलाच बूट घालून ओट्यावर. फोनवर माझ्याशी पूर्वी "बरं हाय, ठेवतो" एवढंच बोलणारा माणूस कालच्या गोलची गोष्ट पंधरा मिनिटं सांगू लागला. चालून शरीर सुधारतं, हे मला पुस्तकांतून माहीत होतं. पण कुणीतरी 'इकडे द्या, इकडे' म्हणून आपल्याला हाक मारतं, याने माणूस किती सुधारतो, ते मी अण्णांकडे बघून शिकले.

खेळाआधी सर सगळ्यांना कडेच्या दगडांवर बसवत. बूट, मोजे काढायला लावत आणि म्हणत, "तळवे दाखवा." मग मोबाइलची बॅटरी लावून एकेकाचा पाय हातात घेऊन बघत, बोटांच्या फटींसकट. साखर असलेल्या माणसाच्या पायाला जखम झालेली कळत नाही, म्हणून. सगळ्यांना आधी संकोच वाटला, मग सवय झाली. बसवंतअप्पा तर गुदगुल्या होतात म्हणून आधीच ओरडून घेत.

फक्त अण्णांनी सरांना आपल्या पायाला कधी हात लावू दिला नाही. लेकीचा गुरू, वयाने मोठा, त्याने आपल्या पायाला हात लावायचा? अण्णांच्या दृष्टीने याहून मोठं पाप नव्हतं. सर जवळ आले की ते म्हणायचे, "सर, आमच्या हिनं घरी बघितलंय." सरांना ते खरं वाटायचं. आणि घरी आईने विचारलं की म्हणायचे, "सरांनी बघितलं की. लई बारकाईनं बघतात." कारण आईला एखादं खरचटलेलं दिसलं असतं, तर तिने खेळ बंद केला असता. खेळ बंद म्हणजे पुन्हा ती खुर्ची.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. एका संध्याकाळी अण्णा आईला म्हणाले ते मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राउंडवर त्यांची पाण्याची बाटली घेऊन उभी असताना ते सरांना म्हणाले, तेही ऐकलं. दोन्ही वाक्यं माझ्या कानांवर बारा तासांच्या आत पडली होती. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि माझ्या डोक्यात दोन्हींची गाठ पडली नाही.

खेळ सुरू झाला. अण्णा एका गोलपाशी, सर पार दुसऱ्या टोकाला. अण्णांनी चेंडू अडवला, पाय चेंडूवर ठेवून उभे राहिले. ऊन नुकतं आलं होतं. आणि अचानक दस्तगीर सर पळू लागले.

सत्तरीचा माणूस, गुडघे बाद, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. सवयीने बसवंतअप्पा ओरडले, "फाऊल! फाऊल! सर पळून राहिले!" कुणीतरी हसलंही. मग सर अण्णांच्या पायाशी खाली बसलेले दिसले आणि सगळे चेंडू सोडून तिकडे निघाले.

अण्णांच्या पांढऱ्या बुटाला करंगळीच्या बाजूने एक डाग होता. पिवळट, कडेने लाल. पांढरे बूट कशासाठी, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. पांढऱ्यावर लपत नाही.

बाभळीचा काटा बुटाच्या तळातून आत गेला होता. किती दिवस झाले, अण्णांना सांगता येईना. त्यांना दुखलंच नव्हतं. करंगळी काळी पडायला लागली होती.

बसवंतअप्पांनी जीप काढली. लातूरपर्यंत सर मागच्या सीटवर अण्णांचा पाय मांडीवर घेऊन बसले होते, कापडात गुंडाळून, धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून. अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. पायामुळे नव्हतं.

"सर, पाय सोडा. मला पाप लागंल."

"पाप-बिप मैं देखता, तू चुप बैठ." मी त्यांना अण्णांशी 'तू' म्हणताना पहिल्यांदाच ऐकलं. "तू पाय हलवू नक्को. दुखणारा काटा शहाणा असतो रे, ओरडून सांगतो. हा न दुखणारा होता. ह्याला दुसऱ्याचे डोळे लागतात. आणि तू डोळेच बंद करून टाकले."

अण्णांनी पाय हलवला नाही.

करंगळी गेली. पाऊल राहिलं. डॉक्टर म्हणाले, अजून काही दिवस गेले असते तर पावलाचंही सांगता आलं नसतं. साखर आटोक्यात होती म्हणून जखम भरतेय. मग त्यांनी आमच्या सगळ्यांकडे बघून म्हटलं, "जखम पूर्ण भरल्यावर चालणं सोडू नका. आणि बघणं सोडू नका."

पण आई काही ऐकायला तयार नव्हती. घरी आल्यावर तिने जाहीर केलं, की पुन्हा फुटबॉलचं नाव काढलं तर चेंडू चुलीत घालीन. हे तिने नेमकं सर दारात उभे असताना म्हटलं.

सर ओट्यावर बसले. "वहिनी, चूक माझी हाय. मी विचारत गेलो, बघितलं न्हाई."

आई म्हणाली, "चूक तुमची न्हाई आणि माझी बी न्हाई. दोघांच्या मधी जी जागा हाय, तिथं हे लपून बसले होते." मग तिने आत जाऊन चहा टाकला. बिनसाखरेचा. मला तेव्हाच कळलं की चेंडू वाचला.

अण्णा पुन्हा चालू लागायला काही महिने गेले. या काळात खेळ रोज झाला, आणि खेळ झाला की सगळे आमच्या ओट्यावर येऊन कोण किती वेळा पळालं ते अण्णांना सांगून जात. खुर्ची तीच होती, पण आता ती ओट्यावर आली होती.

गेल्या महिन्यात नांदेडहून मी आदल्या संध्याकाळी आले. डॉक्टरांनी परवानगी दिली होती आणि पायाच्या मापाचे नवे बूट करून घेतले होते, अर्थात पांढरे. सकाळी आईही आमच्यासोबत ग्राउंडवर आली. "मी आता दोघांच्या मधीच उभी राहणार हाय," असं म्हणाली.

सगळे दगडांवर बसले. सरांनी म्हटलं, "तळवे दाखवा." एकेकाचं बघत ते अण्णांपाशी आले. अण्णांनी मोजा काढला, आणि पाय मागे घेतला.

"सर, एक अट हाय."

"बोला."

"तुम्ही सगळ्यांचे पाय बघता. तुमचे कोण बघतं?"

सर गोंधळले. तीस वर्षांत आम्ही हजारो पोरापोरींनी त्यांना तळवे दाखवले, पण हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. "अरे, मला साखर न्हाई. माझं काय बघायचं? नक्को, नक्को."

"मग माझाबी न्हाई. मी तुमच्या हातात पाय देतो, तुम्ही माझ्या हातात द्या. पापाची फिट्टंफाट."

बसवंतअप्पांनी मागून सरांचे खांदे धरून त्यांना दगडावर बसवलं. "बर्री, सर, बर्री."

अण्णांनी खिशातून चष्मा काढून लावला. सरांचा बूट काढला, मोजा काढला आणि पाय मांडीवर घेतला. मी पहिल्यांदाच सरांचा तळवा पाहिला. टाचेला खोल भेगा होत्या, अंगठ्याखाली कातडं जाड होऊन पिवळं पडलं होतं, आणि मधोमध एक जुना, लांब व्रण होता. लहानपणी अनवाणी खेळताना काच लागून झाला असावा. अण्णा घाटात गाडी चालवावी तसे, नजर न हलवता एकेक बोट बाजूला करून बघत होते.

सरांना लाज वाटत होती. ती लपवण्यासाठी ते एकसारखं बोलू लागले. आज ऊन लवकर आलं, चेंडूत हवा कमी हाय, वहिनी तुम्हीबी उद्यापासून खेळायला या, नात परवा फोनवर काय म्हणाली...

अण्णांनी मान वर केली नाही.

"सर," ते म्हणाले, "गाडी चालू हाय. चालकाशी बोलू नये."

आणि दस्तगीर सर गप्प बसले. पाय अण्णांच्या मांडीवर, हात स्वतःच्या गुडघ्यावर, अण्णांच्या खाली झुकलेल्या डोक्याकडे बघत, लातूर येईपर्यंत बसले होते तसे.